प्रश्न वाचकांचे : उतारवयातले वजन आणि माणसाचा स्वभाव

साठीनंतर वाढणाऱ्या वजनाविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. ती एका बैठकीत वाचताना जाणवले की जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘स्वभाव’ हा शब्द आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी आरोपासारखा आला आहे. कोणी तो स्वतःवर केला आहे, कोणी आईवडिलांवर. त्यामुळे आहाराचे तक्ते बाजूला ठेवून या वेळी स्वभाव, परिस्थिती आणि वजन यांच्या नात्याविषयीचीच सहा पत्रे निवडली आहेत. पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : माझे वय ६८ आहे. तरुणपणापासून माझे वजन कमीजास्त होत आले. चार वेळा मी ते चांगलेच उतरवले आणि चारही वेळा ते परत आले. आता गुडघे साथ देत नाहीत. घरातले सगळे म्हणतात, ‘तुझ्या स्वभावातच शिस्त नाही, तुला मोह आवरत नाही.’ आता मलाही ते खरे वाटू लागले आहे. स्वभावामुळे माणूस लठ्ठ होतो का? होत असेल, तर या वयात स्वभाव बदलायचा कसा?

उत्तर : घरचे म्हणतात त्यात थोडे तथ्य आहे. ते किती थोडे आहे, हे मात्र मोजूनमापून सांगायला हवे, कारण तुमच्या पत्रातला दुःखाचा भाग तिथेच आहे.

मानसशास्त्रज्ञ स्वभावाची मोजणी साधारणपणे पाच गुणांवर करतात : शिस्तशीरपणा, भावनिक अस्थिरता, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि नव्या अनुभवांबद्दलचा खुलेपणा. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १९५८ पासून वार्धक्याचा एक प्रदीर्घ अभ्यास चालू आहे. त्यातल्या १,९८८ व्यक्तींच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या नोंदी तपासून २०११ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. उतावळेपणाच्या मोजणीत सर्वांत वरच्या दहा टक्क्यांत बसणाऱ्यांचे वजन सर्वांत खालच्या दहा टक्क्यांतील लोकांपेक्षा सरासरी ११ किलोंनी अधिक होते, असे त्यात आढळले. ज्यांच्यात भावनिक अस्थिरता जास्त आणि शिस्तशीरपणा कमी, त्यांचे वजन वर्षानुवर्षे वरखाली होत राहते, हेही त्याच निबंधात दिसले. तुम्ही स्वतःचे जे वर्णन केले आहे ते याच्याशी जुळते. मात्र ११ किलोंचा फरक दोन टोकांमधला आहे आणि बहुतेक माणसे मधे कुठेतरी असतात, हे विसरू नये.

२०१३ मध्ये नऊ मोठ्या अभ्यासांतील सुमारे ७९ हजार स्त्रीपुरुषांची माहिती एकत्र तपासण्यात आली, तेव्हा पाचांपैकी एकच गुण सगळीकडे टिकला, तो म्हणजे शिस्तशीरपणा. या गुणाच्या मोजपट्टीवर एक ठरावीक पायरी वर गेले की लठ्ठ असण्याची शक्यता साधारण १६ टक्क्यांनी कमी दिसत होती. बाकीच्या चार गुणांचा संबंध एका गटात दिसे आणि दुसऱ्या गटात नाहीसा होई. मला हा दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. एकच स्वभाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने वागत असेल, तर त्या ठिकाणांत काय फरक होता, हे विचारणे भाग पडते.

आता तुमच्या घरच्यांनी न मोजलेल्या गोष्टी. जुळ्यांवरील अभ्यासांतून असे दिसते की माणसामाणसांच्या वजनात जो फरक असतो, त्याचा ४० ते ७० टक्के भाग आनुवंशिकतेतून येतो. डेन्मार्कमध्ये लहानपणी दत्तक गेलेल्या ५४० व्यक्तींचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांची अंगकाठी ज्यांनी वाढवले त्यांच्याशी जुळली नाही, ती जन्मदात्यांशी जुळली. म्हणजे घरात ज्याला ‘तुझा स्वभाव’ म्हटले जाते, त्यातला मोठा वाटा तुम्हाला जन्मतःच मिळालेला आहे आणि त्यात तुमचा काही अपराध नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगतो. नाते उलट्या दिशेनेही चालते. दहा टक्क्यांहून अधिक वजन वाढलेल्या लोकांच्या स्वभावाची काही वर्षांच्या अंतराने पुन्हा मोजणी केली, तेव्हा त्यांचा उतावळेपणा वाढलेला दिसला आणि त्याच वेळी निर्णयाआधी विचार करण्याची सवयही वाढलेली दिसली. खाण्याआधी ते अधिक विचार करीत होते आणि तरीही हात आवरत नव्हता. ‘कळते पण वळत नाही’ असे आपण सहज म्हणून जातो. त्या माणसांच्या मनाची रोजची ओढाताण मात्र सहज नसते, आणि तुमच्या पत्रात मला तीच दिसली.

स्वभाव बदलतो का? बदलतो. उपचारांनंतर स्वभावगुणांत काय फरक पडतो हे पाहणाऱ्या २०७ अभ्यासांचा आढावा २०१७ मध्ये आला, आणि काही महिन्यांच्या उपचारांनीही विशेषतः भावनिक स्थैर्य मोजण्याइतके वाढते, असे त्यात दिसले. परंतु ६८ व्या वर्षी गुडघ्यांसाठी स्वभाव बदलायला निघण्याची गरज नाही. आहे त्या स्वभावाला झेपेल अशी घराची आणि दिवसाची मांडणी करणे अधिक सोपे आहे. माझ्याकडे येणाऱ्या तुमच्याच वयाच्या एका बाईंना मी आठवडाभर फक्त एवढेच लिहून ठेवायला सांगितले होते की जेवणाव्यतिरिक्त हात खाण्याकडे कधी जातो. सात दिवसांच्या नोंदींत वेळ जवळजवळ एकच निघाली, दुपारी चार ते साडेपाच, म्हणजे घर रिकामे असण्याची. शिवाय खाऊचा डबा चष्म्याच्या डबीशेजारी, नजरेच्या उंचीच्या फळीवर होता. चष्मा घ्यायला गेल्या की डबा उघडला जाई. त्यांनी डबा हलवला आणि त्या वेळेला बहिणीला फोन करण्याचा नेम धरला. ‘चार वाजले की फोन’ असा नेमका संकल्प ‘आता कमी खाईन’ या मोघम संकल्पापेक्षा जास्त पाळला जातो, हे मानसशास्त्रात अनेक प्रयोगांनी दाखवले आहे. उतावळ्या स्वभावाला असा संकल्प विशेष उपयोगी पडतो, कारण मोहाच्या क्षणी पुन्हा निर्णय घ्यावा लागत नाही.

पाचव्यांदा वजन उतरवायला निघण्याआधी तुम्हीही तो एक आठवडा लिहून पाहा. आणि या वेळी ध्येय वजनाच्या आकड्यावर ठेवू नका. आधाराशिवाय खुर्चीतून उठता येणे, हे ध्येय ठेवा.

प्रश्न : मी ७२ वर्षांचा आहे. आयुष्यभर घड्याळाच्या काट्यावर चाललो, कधी काही अति केले नाही. निवृत्तीनंतर काही वर्षांतच पत्नी गेली. गेल्या तीन वर्षांत माझे वजन नऊ किलोंनी वाढले आहे. मी शिस्तीचाच माणूस आहे, मग हे कसे झाले? आता एकटाच राहतो.

उत्तर : तुमच्या पत्नीच्या निधनाबद्दल मनापासून सहवेदना कळवतो. तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण ज्या शिस्तीविषयी तुम्ही अभिमानाने लिहिता ती पूर्णपणे तुमच्या एकट्याची नव्हती. कामावर पोहोचण्याची वेळ, तेथवर होणारी चाल, परतल्यावर समोर येणारे ताट, ‘आता पुरे’ किंवा ‘अजून थोडे घ्या’ म्हणणारे माणूस, हा सगळा तुमच्या शिस्तीचा सांगाडा होता. निवृत्तीने त्याचा एक खांब काढला आणि पत्नीच्या जाण्याने दुसरा. स्वभाव तोच राहिला, त्याला धरून ठेवणारे काही उरले नाही.

जोडीदार गेल्यानंतर सुरुवातीच्या काळात बहुतेकांचे वजन उतरते, कारण अन्नावरची वासनाच जाते. तुमच्या बाबतीत उलट झाले. माणसे सोबत असली की आपण एका बैठकीत अधिक खातो. एका प्रसिद्ध पाहणीत सोबतीने घेतलेली जेवणे एकट्याच्या जेवणांपेक्षा सुमारे ४४ टक्क्यांनी मोठी भरली होती. तसे असेल तर एकट्या माणसाचे वजन वाढते कसे? माझ्या अनुभवात याचे कारण असे की एकट्याच्या जेवणाला सुरुवात आणि शेवट राहत नाही. ताट कोणासाठी मांडायचे, म्हणून ओट्याशी उभे राहून भांड्यातूनच चार घास घेतले जातात. तासाभराने पुन्हा चार घास होतात, रात्री दूरचित्रवाणीसमोर आणखी काही. यातले काहीच ‘जेवण’ म्हणून मोजले जात नाही, त्यामुळे असा माणूस अगदी प्रामाणिकपणे सांगतो की मी फार खात नाही.

शरीराचीही यात भूमिका आहे. २०२१ मध्ये २९ देशांतील सहा हजारांहून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराच्या आकारमानाचा हिशेब केल्यानंतर वयाच्या २० ते ६० पर्यंत हा खर्च जवळपास स्थिर राहतो आणि साठीनंतर दरवर्षी सुमारे ०.७ टक्क्यांनी घटत जातो, असे त्यात दिसले. चाळिशीतल्या वजनवाढीला ‘वयाने चयापचय मंदावला’ हे कारण फारसे लागू पडत नाही, पण बाहत्तराव्या वर्षी ते काही अंशी लागू पडते. त्यात चालणे कमी झाले की स्नायू झिजतात, आणि स्नायू झिजले की खर्च आणखी घटतो.

दोन गोष्टी डॉक्टरांकडून लवकर तपासून घ्या. पहिली, तुमच्या औषधांची यादी. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहावरची काही औषधे, नैराश्यावरची आणि मज्जातंतूंच्या वेदनेवरची काही औषधे यांनी वजन वाढू शकते. यांतले कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका, पर्याय आहे का एवढे विचारा. थायरॉइडची तपासणीही त्याच भेटीत उरकता येईल. दुसरी गोष्ट मनाची. दुःख आणि नैराश्य यांच्यातली सीमा घरात एकटे असताना स्वतःला दिसत नाही. दीर्घकाळ चाललेल्या १५ अभ्यासांच्या २०१० सालच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले की नैराश्य असलेल्यांना पुढे लठ्ठपणा येण्याची शक्यता ५८ टक्क्यांनी जास्त होती आणि लठ्ठ व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याची ५५ टक्क्यांनी. सकाळी उठण्यात अर्थ वाटत नसेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, तर डॉक्टरांना ते स्पष्ट शब्दांत सांगा. त्यावर चांगले उपचार आहेत.

राहिला सांगाडा. तो पुन्हा उभा करणे तुमच्यासारख्या माणसाला जमेल, कारण वेळ पाळणे तुमच्या हाडीमांसी आहे. फक्त आता वेळ दुसऱ्याने ठरवून दिलेली नाही. ताट मांडा, बसून जेवा, जेवणाच्या वेळा कागदावर लिहून भिंतीवर लावा. स्वयंपाक येत नसेल तर दोन-तीन साधे पदार्थ शिकून घ्या. बाहत्तरी हे शिकण्याचे वय नाही असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. आठवड्यातून निदान दोन जेवणे कोणाच्या तरी सोबत घ्या. त्या जेवणात चार घास जास्त गेले तरी हरकत नाही. माणसांच्या सोबतीचे मोल वजनापुरते नाही. १४८ अभ्यासांच्या एका विश्लेषणात भक्कम नातेसंबंध असलेल्यांची त्या त्या कालावधीत हयात राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी अधिक आढळली होती.

प्रश्न : लठ्ठपणा मित्रमैत्रिणींकडून ‘लागतो’ असे वाचले. आम्ही सहा जणी चाळीस वर्षांच्या मैत्रिणी आहोत आणि सगळ्याच वजनदार. मी भेटणे कमी करावे का?

उत्तर : मुळीच नाही. तुम्ही वाचलेला अभ्यास बहुधा २००७ चा असावा. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावातील १२,०६७ लोकांच्या १९७१ ते २००३ या काळातील नोंदींवरून त्यात असा निष्कर्ष काढला होता की एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला तर तो स्वतः लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते, आणि जोडीदाराच्या बाबतीत ३७ टक्क्यांनी. या निष्कर्षावर पुढे बरीच टीका झाली, कारण सारख्या सवयींची माणसेच एकमेकांची मित्र होतात आणि एकाच भोवतालात राहतात. मग ‘लागण’ कोणती आणि मुळातले साम्य कोणते, हे वेगळे करणे अवघड होते. पण परिणाम खरा मानला तरी तो दोन्ही दिशांनी चालतो. सहा जणींपैकी दोघी भेटीच्या आधी अर्धा तास चालू लागल्या तर बाकीच्या चौघी फार दिवस बसून राहणार नाहीत. चाळीस वर्षांची मैत्री या वयात औषधासारखी आहे, ती तोडण्याचा सल्ला कोणी दिला तरी मानू नका.

प्रश्न : वय ७४, बीएमआय २९. एक डॉक्टर म्हणतात वजन उतरवा, दुसरे म्हणतात या वयात आहे ते असू द्या. कोणाचे ऐकू?

उत्तर : दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण तुमच्या वयात बीएमआय हा आकडा एकटा पुरेसा बोलत नाही. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून तो काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापानुसार २५ पासून पुढे वजन जास्त आणि ३० पासून पुढे लठ्ठपणा धरतात. आशियाई लोकांसाठी धोक्याचे टप्पे २३ आणि २७.५ असे खाली आणले आहेत, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते. दुसरीकडे, ६५ वर्षांवरील सुमारे १ लाख ९८ हजार लोकांच्या माहितीच्या २०१४ मधील विश्लेषणात मृत्यूचा धोका २३ च्या खाली वाढू लागलेला आणि वरच्या बाजूला ३३ च्या पुढेच स्पष्ट वाढलेला दिसला. ते अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य देशांतले होते, म्हणून तो आकडा जसाच्या तसा स्वतःला लावू नये. शिवाय वयाबरोबर उंची कमी होते आणि स्नायूंची जागा चरबी घेते. काट्यावर तेच वजन दाखवणारी दोन माणसे आतून अगदी वेगळी असू शकतात.

म्हणून मी तुम्हाला तीन गोष्टी पाहायला सांगेन. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी आहे का? हात न टेकता खुर्चीतून उठता येते का? आणि मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, झोपेत श्वास अडकणे यांपैकी वजन कमी झाल्यावर बरे वाटेल असे काही आहे का? ही उत्तरे चांगली असतील तर दुसऱ्या डॉक्टरांचे ऐका. नसतील तर पहिल्यांचे ऐका, पण नुसते खाणे तोडून वजन उतरवू नका. ६५ वर्षांवरील १०७ स्थूल व्यक्तींवर वर्षभर चाललेला एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ आहार कमी केलेल्यांची हालचालींची क्षमता १२ टक्क्यांनी सुधारली, तर आहार आणि व्यायाम दोन्ही केलेल्यांची २१ टक्क्यांनी, आणि त्यांचे स्नायूही तुलनेने कमी घटले. व्यायामात चालण्याबरोबर ताकदीचा व्यायाम हवाच, आणि जेवणात पुरेशी प्रथिने हवीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या.

एक सावधगिरी सर्वांसाठी. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरले तर आनंद मानू नका, तपासणी करून घ्या.

प्रश्न : माझे वडील ७० वर्षांचे आहेत. प्रेमाने सांगितले तर ऐकत नाहीत, म्हणून मी चारचौघांत थोडे टोचून बोलतो. पाहुण्यांसमोर ‘पोट बघा’ म्हटले की निदान त्या दिवशी तरी ते कमी खातात. यात चूक आहे का?

उत्तर : चूक आहे. तुमच्या मनात वडिलांची काळजी आहे हे पत्रात दिसते, म्हणूनच इतके स्पष्ट लिहितो.

इंग्लंडमधील पन्नाशीपुढच्या २,९४४ व्यक्तींची चार वर्षांच्या अंतराने दोनदा वजने घेण्यात आली. वजनावरून आपल्याला हिणवले जाते असे सांगणाऱ्यांचे वजन त्या काळात सरासरी ०.९५ किलोंनी वाढले होते, आणि तसे न सांगणाऱ्यांचे ०.७१ किलोंनी घटले होते. अमेरिकेतील सहा हजारांहून अधिक लोकांच्या अशाच एका अभ्यासात, आधी लठ्ठ नसलेल्या पण वजनावरून हिणवल्या गेलेल्या व्यक्ती चार वर्षांनी लठ्ठ झालेल्या असण्याची शक्यता सुमारे अडीचपट आढळली. ही निरीक्षणे आहेत, प्रयोग नव्हेत, हे मान्य करूनही एवढे निश्चित म्हणता येते की टोचून बोलल्याने वजन उतरते याला या आकड्यांत कोठेही आधार नाही. अपमान झालेला माणूस त्या दिवशी ताटावर कमी खातो हे तुम्ही पाहिलेत. रात्री सगळे झोपल्यावर तो काय करतो, ते तुम्ही पाहिलेले नाही.

दवाखान्यात मी रोज एक दृश्य पाहतो. वजनकाट्यावर चढण्याआधी वयस्कर माणसे चपला काढतात, मग खिशातल्या किल्ल्या, मग चष्मा आणि कधी घड्याळसुद्धा. मग श्वास रोखून काट्यावर उभी राहतात, जणू श्वासाचेही वजन भरेल. सोबत आलेला मुलगा किंवा मुलगी मागून आकडा मोठ्याने वाचते तेव्हा त्यांचे खांदे आत ओढले जातात. हल्ली मी सोबतच्या माणसांना त्या वेळी बाहेर थांबायला सांगतो. घरी तुम्ही एवढे करू शकता : वजनाचा विषय बंद ठेवा, आणि संध्याकाळी ‘मी चाललोय, येता का सोबत?’ एवढेच विचारा. ते पहिल्या दिवशी नाही म्हणतील, चौथ्या दिवशीही म्हणतील. विचारत राहा.

प्रश्न : मी ६६ वर्षांची आहे. पती चार वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले आहेत. रात्री दोन-तीनदा उठावे लागते. घर वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, बाहेर चालायला धड जागा नाही, आणि पैसा औषधांत जातो. माझे वजन वाढतच चालले आहे. तुम्ही सगळे लिहिता, ‘रोज फिरायला जा.’ मी केव्हा जाऊ?

उत्तर : तुमचा राग योग्य जागी आहे. आम्ही सल्ला देतो तेव्हा ज्याच्याकडे मोकळा वेळ, सुरक्षित रस्ता आणि रात्रीची सलग झोप आहे असाच वाचक नकळत समोर धरतो.

परिस्थितीचे वजन किती असते, हे एका मोठ्या प्रयोगाने दाखवले आहे. १९९४ ते १९९८ या काळात अमेरिकेतील पाच शहरांतल्या अतिशय गरीब वस्त्यांमध्ये राहणाऱ्या ४,४९८ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून त्यांपैकी काहींना बऱ्या वस्तीत घर घेण्यासाठी साहाय्य दिले गेले. या स्त्रियांना आहाराचा सल्ला दिला नव्हता, व्यायाम शिकवला नव्हता, स्वभावाची तर कोणी चौकशीही केली नव्हती. दहा ते पंधरा वर्षांनी पाहिले तेव्हा ज्यांना हे साहाय्य मिळाले होते त्यांच्यात ३५ च्या पुढे बीएमआय असणाऱ्यांचे प्रमाण ४.६१ टक्के बिंदूंनी कमी होते. मधुमेहही कमी होता. त्या स्त्रियांचा स्वभाव होता तोच होता, फक्त घराबाहेरचा रस्ता बदलला होता.

तुमच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी झोपेची वाटते. सलग दोन रात्री अपुरी झोप झाली की भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक सुमारे २८ टक्क्यांनी वाढते आणि पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटते, असे बारा तरुणांवरील एका लहान प्रयोगात दिसले होते. तुमच्या दोन नव्हे, चार वर्षांच्या रात्री अशा गेल्या आहेत. दुपारी गोड खावेसे वाटते तेव्हा स्वतःला दुबळे म्हणू नका. थकलेले शरीर ते मागत असते.

घरातच जमेल असे एक सांगतो. पतींच्या खोलीत भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. त्यांना औषध देऊन झाले की सावकाश दहा वेळा उठा आणि बसा, सुरुवातीला हात टेकून. औषध दिवसातून तीनदा असेल तर तीस वेळा होईल, आणि मांड्यांच्या स्नायूंना तेवढेही उपयोगी पडते. त्यांना कुशीवर वळवताना स्वतःची पाठ कशी सांभाळायची, हे एकदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

बाकीचे उत्तर मी तुमच्या नातेवाइकांसाठी लिहीत आहे. हे पान त्यांना दाखवा. ‘काही लागले तर सांग’ असे ते नक्कीच म्हणत असतील, पण त्या वाक्याने काम होत नाही, कारण मागण्याचे ओझे पुन्हा तुमच्यावरच येते. त्यांच्याकडे नेमकी मागणी करा : आठवड्यातील एक रात्र कोणीतरी पतींच्या खोलीत झोपेल आणि तुम्ही दार लावून दुसऱ्या खोलीत झोपाल, आणि आठवड्यातील एक दुपार दोन तास कोणीतरी घरी बसेल. वार आणि माणसाचे नाव कागदावर लिहून घ्या. पहिल्या महिन्यात त्या दोन तासांत फिरायलाही जाऊ नका, झोप येत असेल तर झोपा. महिन्याभराने मला पुन्हा लिहा, कोणत्या वाराला कोण आले तेही लिहा, आणि मग आपण चालण्याविषयी बोलू.